कल्याणच्या फलाटावरून

सायंकाळी सहाच्या सुमारास कल्याण स्थानकाच्या फलाटांवर पाय ठेवावयासही जागा नसते. मुंबईकडून येणारी प्रत्येक लोकल माणसांचा लोंढा फलाटावर सोडून जाते. तो लोंढा जिन्यांकडे वळतो न वळतो तोच दुसरी गाडी येऊन उभी राहते. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांतून घोषणा चालू असतात. या गर्दीतील प्रत्येक उतारूचे चित्त एकाच गाडीकडे लागलेले असते, आणि ती म्हणजे त्याची स्वतःची. उरलेल्या गाड्या त्याच्या दृष्टीने केवळ खोळंबा होत. परंतु फलाटाच्या अगदी टोकाला, जेथे छप्पर संपते आणि गर्दी विरळ होते, तेथे एखादा मुलगा हातात लहानशी वही घेऊन उभा असलेला कधीकधी दिसतो. त्याला कोठेही जावयाचे नसते. दहा रुपयांचे फलाट-तिकीट काढून तो केवळ गाड्या पाहावयास आलेला असतो, आणि त्या तिकिटाची दोन तासांची मुदत त्याला नेहमीच अपुरी वाटते.

हा छंद पुष्कळांना पोरकटपणाचा वाटतो. एकामागून एक धावत जाणाऱ्या डब्यांत पाहण्यासारखे ते काय असणार, असे ते विचारतात. पण अक्षरओळख नसलेल्या माणसाला छापील पान म्हणजे काळ्या रेघोट्यांचा पसाराच दिसतो, आणि वाचता येणाऱ्याला त्याच पसाऱ्यात अर्थ सापडतो. गाड्यांचेही तसेच आहे. गाडीवरील आकडे, अक्षरे, रंग आणि दिवे यांपैकी एकही गोष्ट शोभेसाठी नसते. प्रत्येक खूण कोणीतरी कोणासाठी तरी मुद्दाम केलेली असते. ती खूण ओळखू लागले, की गोंगाटातही सुसंगती दिसू लागते.

पहिला प्रश्न असा, की एवढ्या गाड्या येथेच का एकत्र येतात? कल्याणला हे महत्त्व आगगाडीमुळे नव्याने आले असे नव्हे. सातवाहनांच्या काळापासून हे नावाजलेले बंदर होते आणि देशावरचा माल नाणेघाटाने उतरून कोकणातील बंदरांकडे येत असे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली उतारूगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, लोहमार्ग कल्याणला पोहोचला. यापुढे मात्र सपाट भूमीचा काळ संपत आला होता. समोर सह्याद्रीची भिंत उभी होती आणि देशावर जाण्यासाठी ती कोठे तरी चढणे भागच होते. रेल्वेच्या स्थापत्यशास्त्रज्ञांनी दोन वाटा निवडल्या. एक आग्नेयेकडे, कर्जतवरून बोरघाटाने खंडाळा, लोणावळा आणि पुण्याकडे. दुसरी ईशान्येकडे, कसाऱ्यावरून थळघाटाने इगतपुरी आणि नाशिककडे. बोरघाटाचा मार्ग १८६३ साली आणि थळघाटाचा १८६५ साली पूर्ण झाला. या दोन्ही वाटा जेथे फुटतात ते स्थानक कल्याण. जंक्शन माणसांनी बांधले खरे, पण ते कोठे असावे हे बरेचसे सह्याद्रीनेच ठरवून दिले होते.

या फाट्याची एक लहानशी खूण लोकलच्या दर्शकावर रोज झळकते आणि रोज पाहूनही ती फारच थोड्यांच्या ध्यानात येते. कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलसाठी तेथे 'एन' हे अक्षर असते, तर कर्जतकडे जाणाऱ्या लोकलसाठी 'एस'. यांपैकी एकाही गावाच्या नावाचे आद्याक्षर ते नव्हे. ईशान्य आणि आग्नेय या दिशांना इंग्रजीत जी नावे आहेत, त्यांची ही आद्याक्षरे होत. गावाचे नाव न सांगता गाडी सह्याद्रीच्या कोणत्या घाटाकडे निघाली आहे, तेवढेच ते अक्षर सांगते. अक्षराच्या शेजारी '१२' किंवा '१५' असा आकडा असतो, तो डब्यांचा.

लांब पल्ल्याच्या गाड्यांची दिशा ओळखणे त्याहूनही मनोरंजक असते. डब्यावरील पाटी पाहिली की पुरे. पंजाब मेल, हावडा मेल, पुष्पक, सेवाग्राम या गाड्या कसाऱ्याच्या वाटेने जातात. उद्यान, कोणार्क, सिद्धेश्वर, महालक्ष्मी या कर्जतच्या. कोणार्क एक्सप्रेस भुवनेश्वरला जाणारी. नकाशात पाहिले तर भुवनेश्वर मुंबईच्या पूर्वेला, म्हणून ती नागपूरवरून जात असेल असे सहज वाटते. पण ती पुणे, सोलापूर, सिकंदराबाद करीत आंध्रच्या किनाऱ्याने ओडिशात शिरते. एका पाटीमुळे नकाशा उघडावा लागतो, हा या छंदाचा एक फायदाच म्हटला पाहिजे. डब्याच्या अंगावर 'म. रे.', 'द. म. रे.', 'पू. म. रे.' अशी आद्याक्षरे असतात. त्यांवरून तो डबा मध्य, दक्षिण मध्य किंवा पूर्व मध्य रेल्वेचा हे कळते. त्या अक्षरांजवळील क्रमांकाचे पहिले दोन आकडे म्हणजे तो डबा बांधला गेला त्या वर्षाचे शेवटचे दोन आकडे होत. म्हणजे डब्याचे गाव आणि वय दोन्ही त्याच्या अंगावरच लिहिलेली असतात.

गाडीचा क्रमांक डिसेंबर २०१० पासून पाच आकडी झाला. पहिला आकडा १ किंवा २ असला तर गाडी लांब पल्ल्याची; ० असला तर ती खास प्रसंगी सोडलेली. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या गाडीचे क्रमांक बहुधा लागोपाठचे असतात. मुंबईहून पुण्याला जाणारी डेक्कन क्वीन १२१२३, तर पुण्याहून येणारी १२१२४. १ जून १९३० रोजी सुरू झालेली ही गाडी सायंकाळी मुंबईहून निघून कल्याणला न थांबता पुढे जाते. वही घेऊन उभे असलेल्या मुलांची तिच्यासाठी तयारी असते, कारण ती समोरून जाण्यास काही क्षणच लागतात आणि तेवढ्यात इंजिनाचा क्रमांक टिपावा लागतो.

इंजिनावरील अक्षरांचा उलगडाही सोपा आहे. 'डब्ल्यूएपी-७' यातील पहिले अक्षर रुंद मापाच्या रुळांचे, दुसरे प्रत्यावर्ती विजेचे, तिसरे उतारूगाडीचे. मालगाडीच्या इंजिनात तिसऱ्या अक्षराच्या जागी 'जी' येते. डिझेलवर चालणाऱ्या इंजिनाचे दुसरे अक्षर 'डी' असते. एके काळी येथे 'सी' हे अक्षर सर्वत्र दिसत असे, आणि त्यामागे एक मोठी कथा आहे. भारतातील पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर धावली. ती १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर चालणारी होती, आणि 'सी' हे अक्षर त्या विजेचे. पुढील पाच वर्षांत ही वीज दोन्ही घाटांपर्यंत पोहोचली. तिच्यासाठी कल्याणजवळ ठाकुर्ली येथे चोळा वीजगृह उभारण्यात आले. नंतर देशातील इतर मार्गांवर २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली. व्होल्ट जितके अधिक, तितक्या कमी प्रवाहात तेवढेच काम होते. त्यामुळे तारा बारीक चालतात आणि उपकेंद्रेही थोडी पुरतात. मुंबईची वीज मात्र जुनीच राहिली. त्यामुळे अनेक वर्षे इगतपुरीस गाड्यांची इंजिने बदलावी लागत. दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारी इंजिनेही पुढे बनविण्यात आली. अखेरीस २०१६ सालच्या एप्रिल महिन्यात मध्य रेल्वेच्या मुंबईतील मार्गांवरून जुनी वीज पूर्णपणे गेली. तारा जागच्या जागी दिसतात, गाड्याही पूर्ववत धावतात. पण सत्तर-पंच्याहत्तर पावलांवरून ते अक्षर वाचणाऱ्यालाच कळते, की एक युग संपले आहे.

घाट कल्याणपासून दूर असला, तरी कल्याणच्या फलाटावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या मागे तो उभा असतो. दोन्ही घाटांत काही ठिकाणी ३७ फूट पुढे जाताना १ फूट वर चढावे लागते. पायी चालणाऱ्याला हा चढ मुळीच जाणवणार नाही. परंतु गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक फिरवून शेकडो टनांचे ओझे वर न्यावयाचे, ही गोष्ट निराळी. म्हणून कर्जत आणि कसारा येथे गाडीच्या मागे आणखी दोन-तीन इंजिने जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. ती पुढे न जोडता मागे का जोडावयाची, याचे कारण विचार करण्याजोगे आहे. सर्व इंजिने पुढून ओढू लागली, तर साऱ्या गाडीचा भार पहिल्या काही डब्यांच्या सांखळ्यांवर पडेल. एखादी तुटलीच, तर मागचे डबे उताराने घसरत सुटतील. मागून ढकलणारे इंजिन भारही वाटून घेते आणि आधारही देते.

उतरणे हे चढण्याहून अवघड. खाली येणाऱ्या गाडीसाठी घाटात जागोजागी एक आडवाट काढलेली असते. ती थोडे अंतर जाऊन डोंगराच्या चढावर संपते. एरवी सांधा त्या आडवाटेकडेच लावलेला असतो. गाडी आपल्या आवाक्यात आहे, हे चालकाने ती थांबवून दाखविल्याशिवाय सांधा सरळ वाटेकडे वळत नाही. गाडी अनावर झालीच, तर ती आडवाटेने चढावर जाऊन थकून थांबते. १० फेब्रुवारी २०२३ पासून सोलापूर आणि शिर्डीकडे धावू लागलेल्या वंदे भारत गाड्या बँकरशिवाय घाट चढतात. त्यांच्या अनेक डब्यांखाली स्वतःच्या मोटारी आहेत, म्हणून हे साधते.

आता फलाटाच्या टोकावरून समोर पाहिले, की रुळांचे जाळे दिसते. एक रूळ दुसऱ्याला छेदतो, तिसऱ्यात मिसळतो, पुन्हा वेगळा होतो. त्यावरून लोकल, मेल आणि मालगाड्या परस्परांच्या वाटा ओलांडत असतात. नवख्या माणसाला येथे भीती वाटावी अशीच ही रचना आहे. मग दोन गाड्या एका रुळावर कशा येत नाहीत?

याचे उत्तर रुळांतच दडलेले आहे. रुळाचे तुकडे परस्परांपासून विजेच्या दृष्टीने वेगळे करून त्या प्रत्येकात अगदी क्षीण असा प्रवाह सोडलेला असतो. तो प्रवाह एका चुंबकीय खटक्याला धरून ठेवतो. गाडीचे पहिले चाक त्या तुकड्यावर आले, की दोन रुळ चाकांच्या लोखंडी धुऱ्याने जोडले जातात, प्रवाहाला जवळची वाट मिळते, खटका सुटून खाली पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. येथे योजकाची खरी बुद्धी दिसते. प्रवाह असला तर वाट मोकळी, नसला तर लाल, असा नियम त्याने ठेवला. त्यामुळे रूळ तडकला, तार तुटली अथवा वीज गेली, तरीही सिग्नल लालच होतो. यंत्राला शंका आली, तर ते गाडी थांबविते.

सांध्यांच्या बाबतीतही असेच आहे. सांध्याचे पाते मुख्य रुळाला पूर्ण चिकटले आहे, त्याला कुलूप लागले आहे आणि पुढची वाट रिकामी आहे, हे तिन्ही सिद्ध झाल्यावाचून त्या वाटेचा सिग्नल हिरवा होऊच शकत नाही. एकदा तो हिरवा झाला, की त्याला छेदणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही वाटेचा सिग्नल देणे अशक्य होते. मग कळ दाबणारा कितीही घाईत असो. पूर्वी हे काम केबिनमधील लोखंडी खटके आणि सळ्या करीत. आता ते विजेच्या खटक्यांनी आणि संगणकांनी होते. तत्त्व मात्र तेच राहिले आहे.

सिग्नलचे रंग तीन नसून खुणा चार आहेत. हिरवा म्हणजे पूर्ण वेगाने जावे. दोन पिवळे दिवे म्हणजे पुढचा सिग्नल पिवळा आहे. एक पिवळा म्हणजे पुढचा लाल आहे, आणि लाल म्हणजे थांबावे. रस्त्यावरील मोटार चटकन थांबते. ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावणाऱ्या लांब गाडीला थांबण्यास सुमारे एक किलोमीटर लागतो, म्हणून तिला दोन सिग्नल आधीच सूचना द्यावी लागते. जेथे वाट फुटते, तेथे सिग्नलच्या माथ्यावर पांढऱ्या दिव्यांची तिरपी रांग लागते. ती ज्या बाजूला झुकलेली, त्या बाजूला गाडी वळणार. चालकाला हे आधी कळणे जरूर असते, कारण वळणाऱ्या सांध्यावरून गाडी सावकाश न्यावी लागते. मुलांना तर हे एक कोडेच मिळते. दूरवरून येणाऱ्या गाडीचे नाव दिसण्यापूर्वीच ती कोणत्या फलाटाला लागणार, हे दिवे पाहून सांगावयाचे.

इतकी यंत्रे असूनही रेल्वेने माणसाच्या डोळ्यावरचा विश्वास सोडलेला नाही. गाड्या पाहणे हा कोणाचा छंद असेल, पण कित्येकांचे ते नेमून दिलेले कर्तव्य आहे. मोठ्या स्थानकात गाडी शिरते तेव्हा फलाटाच्या टोकाशी, रुळालगत, काही माणसे उकिडवी बसलेली दिसतात. उतारूंना वाटते, ती विसावा घेत असावीत. वास्तविक ती डब्यांखालची चाके पाहत असतात. धुऱ्याची पेटी तापली आहे काय, एखादी स्प्रिंग मोडली आहे काय, काही लोंबते आहे काय, हे गाडी चालती असतानाच उत्तम दिसते. ती कानही देऊन असतात. ब्रेक घट्ट बसून चाक घसटत गेले, तर त्याचा एक भाग चपटा होतो आणि मग प्रत्येक फेऱ्याला 'धप्' असा आवाज येतो. शंभर चाकांच्या खडखडाटातून तो एक आवाज त्यांना वेगळा ऐकू येतो. लहान स्थानकावरून गाडी न थांबता निघून जाते, तेव्हा सांधेवाला हिरवे निशाण घेऊन उभा राहतो तो गाडीला निरोप देण्यासाठी नव्हे. सर्व डबे नीट गेले की नाही हे पाहून तो मागच्या डब्यातील गार्डला तसे कळवितो. या गार्डला २०२२ सालापासून ट्रेन मॅनेजर असे अधिकृत नाव मिळाले आहे. लोहमार्गावर पायी फिरणारा चावीवाला रोज आपल्या वाट्याचे रूळ तपासत चालतो. गाडी आली, की तोही बाजूला होऊन तिच्याकडे पाहत राहतो.

या सर्वांची दृष्टी अखेरीस एका ठिकाणी खिळते, आणि ते ठिकाण म्हणजे शेवटचा डबा. गाडी येताना पाहणारे पुष्कळ असतात. ती गेल्यावर तिची पाठ पाहणारा विरळा. शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी फुली रंगविलेली असते, दिवसा तेथे 'एलव्ही' अशी अक्षरे असलेली पाटी टांगतात आणि रात्री लाल दिवा लुकलुकतो. ही अक्षरे 'शेवटचे वाहन' या अर्थाची. ती दिसली, म्हणजे गाडी निघाली तेव्हा जेवढी होती तेवढीच येथवर आली. ती दिसली नाहीत, तर गाडी वाटेत कोठे तरी तुटली असावी आणि तिचे काही डबे मागे अंधारात रुळावरच उभे असावेत, असा त्याचा अर्थ होतो. ते डबे दुसऱ्या गाडीच्या वाटेत असतात. म्हणून पाटी न दिसल्यास स्टेशनमास्तर लगेच मागच्या स्थानकाला कळवितो आणि येणाऱ्या गाड्या रोखल्या जातात. पुढच्या गाडीतील हजारभर उतारूंचे प्राण अशा वेळी एका माणसाने दिलेल्या एका दृष्टिक्षेपावर अवलंबून असतात, आणि त्या उतारूंना त्याचा पत्ताही नसतो.

पाहणाऱ्याने स्वतः कोठे उभे राहावे, हेही येथेच सांगितले पाहिजे. पादचारी पुलावरून दृश्य सुरेख दिसते, परंतु गर्दीच्या वेळी तेथे रेंगाळणे म्हणजे इतरांची वाट अडविणे होय. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत २३ माणसे मरण पावली. पुलाचा उपयोग चालण्यासाठीच करावा. रुळावर उतरण्याचा तर विचारही करू नये. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील पुष्कळशी रूळ ओलांडताना. विजेवरची गाडी आवाज न करता जवळ येते. फलाटावरील पिवळ्या पट्टीच्या आत, टोकाजवळ पण कडेपासून दूर, ही जागा सर्वांत चांगली.

दिवेलागण झाली, की स्थानकाचे रूप बदलते. आता डबे दिसेनासे होतात आणि दिवेच तेवढे बोलू लागतात. उत्तरेकडे जाणारी एखादी मेल फलाट सोडते. फलाटाच्या टोकाशी असलेला कर्मचारी हिरवा दिवा हलवितो, मागच्या डब्याच्या दारातून तसाच दिवा त्याला उत्तर देतो. वहीतला मुलगा इंजिनाचा क्रमांक आणि वेळ आधीच लिहून चुकलेला असतो. पण तो वही मिटत नाही. सांध्यांवरून खडखडत गाडी कसाऱ्याच्या वाटेला लागते आणि तिच्या पाठीवरचा लाल दिवा लुकलुकत लहान होत जातो. तो दिसेनासा होतो, तेव्हा मुलगा त्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात एक लहानशी फुली काढतो.